रोग्याची एकादशी भावंडांनी धरावी

कॅन्सरच्या ओपीडीत पहिल्या दिवशी जो फॉर्म भरून घेतात त्यात वय, वजन, शुगर, बीपी, तंबाखू, आधीची ऑपरेशनं, घरात आणखी कुणाला हा आजार होता का, असं सगळं विचारलेलं असतं. ‘उपवास कोणकोणते करता?’ हा प्रश्न मला आजवर एकाही फॉर्मवर दिसला नाही. आपल्याकडच्या पन्नाशीच्या बाईच्या खाण्यापिण्याची चौकशी या प्रश्नावाचून पुरी होऊच शकत नाही. महिन्याच्या दोन एकादश्या, संकष्टी, आठवड्याचा सोमवार नाहीतर गुरुवार, शिवाय हरतालिका, नवरात्र, महाशिवरात्र. बेरीज केली तर वर्षाचे शंभराच्या आसपास दिवस भरतात. केमो चार-सहा महिने चालते. शरीराला अन्नाची सगळ्यात जास्त गरज असते त्या काळातले तीस-चाळीस दिवस ही बाई साबुदाण्यावर आणि चहावर काढते, आणि उपचार करणाऱ्यांना त्याचा पत्ताही नसतो.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्याच्या अंगात केमो चालू आहे त्याने उपवास करू नये. आणि घरातलं व्रत मोडायचं नसेल, तर ते धडधाकट भावंडांनी आपल्या अंगावर घ्यावं. श्रद्धा बाजूला ठेवा असं मी सांगत नाही. आमचं घर माळकऱ्यांचं आहे, मी स्वतः हरिपाठ म्हणते, आणि मी जे मागते आहे त्याची सोय आपल्या व्रतांच्या शास्त्रातच करून ठेवलेली आहे. ती लोकांपर्यंत पोचवली जात नाही, हे माझं दुखणं आहे.

माझी थोरली बहीण सोलापूर जिल्ह्यात दिलेली. माहेरी-सासरी दोन्हीकडे तुळशीची माळ. माळ, एकादशी आणि वारी यांवर वारकऱ्याचं सगळं उभं असतं, आणि ताईने परकराच्या वयापासून एकादशी चुकवलेली नाही. तिला स्तनाचा कॅन्सर निघाला. तो एकट्या तिलाच निघाला असं नाही. २०२२ च्या जागतिक आकडेवारीनुसार भारतात वर्षभरात कॅन्सरचे १४ लाखांवर नवे रुग्ण होते, आणि बायकांमध्ये सगळ्यात जास्त, सुमारे १ लाख ९२ हजार, स्तनाच्या कॅन्सरचे. यातल्या कितीतरी घरांत पहिला प्रश्न तोच पडला असेल जो आमच्या घरात पडला: आता हिने खायचं काय?

आपल्याकडे आजार म्हटला की पथ्य आलंच. काविळीला तेल-तूप बंद, गोवराला फोडणी बंद. डॉक्टरांनी ‘सगळं खा’ म्हटलं तर नातेवाइकांना तो डॉक्टरचा बेफिकीरपणा वाटतो. एवढा मोठा आजार आणि पथ्य काहीच नाही? मग प्रत्येक जण आपापल्या परीने पथ्य काढतो. कुणी साखर बंद करायला लावतं, कुणी दूध, कुणी वांगं आणि आंबट. आणि उपवास तर आधीपासून आहेतच. ताटातलं एकेक कमी होत जातं, आणि त्या प्रत्येक कमी होण्यामागे कुणाची तरी माया असते. म्हणून या गोष्टीशी भांडणं अवघड जातं.

दुसऱ्या केमोनंतर आठवड्याभरात एकादशी आली तो दिवस मी जवळून पाहिला. ताईचं तोंड आतून सोललेलं होतं, जिभेला लोखंडाची चव, जिऱ्याच्या फोडणीचा वास आला तरी मळमळायचं. सासूबाईंनी साबुदाणा रात्रीच भिजवून मऊ केला होता, मिरची घातली नव्हती, दाण्याचं कूट चाळून घेतलं होतं, वर तूप सोडलं होतं. एवढं केलेलं पाहून ताईने ताटली हातात घेतली. साबुदाणा टाळूला चिकटत होता, कुटाचा कण फोडाला लागला की तिच्या डोळ्यांत पाणी येत होतं. तिसऱ्या घासाला तिने ताटली खाली ठेवली. दुपारी अर्धा कप दूध, संध्याकाळी थोडं नारळपाणी. दुसऱ्या दिवशी बारस सोडायला उठली ती भिंतीचा आधार घेत. सासूबाई मला म्हणाल्या, “काल काहीच गेलं नाही गं पोटात.” त्यांच्या आवाजात काळजीच होती. त्यांना दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही.

आता थोडा हिशोब मांडते, कारण या विषयात हिशोब फार कमी लोक मांडतात. निरोगी भारतीय माणसाला रोज किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात असं आपल्याच राष्ट्रीय पोषण संस्थेचं २०२० चं प्रमाण आहे. कॅन्सरच्या रुग्णासाठी युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संस्थेने घालून दिलेलं प्रमाण किलोमागे १ ग्रॅमच्या वर, जमल्यास १.५ ग्रॅमपर्यंत आहे, आणि उष्मांक किलोमागे २५ ते ३०. ताईचं वजन ५२ किलो. म्हणजे तिला रोज साठ ते पाऊणशे ग्रॅम प्रथिनं हवीत. साबुदाणा जवळजवळ सगळा पिठूळच असतो, त्यात प्रथिनं नावापुरती. मूठभर दाणे आणि दोन कप दूध धरलं तरी उपवासाचा दिवस पंचविशीच्या पुढे जात नाही. राजगिरा त्या मानाने चांगला, पण तो किती खाणार? प्रथिनं कमी पडली की शरीर स्नायू मोडून खातं. वजन उतरतं, थकवा वाढतो, काही वेळा डोस कमी करावा लागतो, नाहीतर केमोची पुढची फेरी लांबवावी लागते. एकादशी एका दिवसाची असते, पण तिची किंमत उपचाराच्या वेळापत्रकात मोजावी लागू शकते.

दुसरी गोष्ट स्वच्छतेची. बहुतेक औषधांत केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या दिवसांत १००.४ फॅरनहाइट ताप आला तरी रात्र न काढता दवाखाना गाठावा लागतो. आणि नवरात्र किंवा महाशिवरात्र आली की भगर खाऊन विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात दरवर्षीच्याच. दमट हवेत साठवलेल्या भगरीला, विशेषतः सुट्या पिठाला, बुरशी धरते. निरोगी माणूस त्यातून एखाद-दोन सलाइनवर बाहेर येतो. पेशी तळाला गेलेल्या माणसाचं तसं नसतं. कच्च्या दुधाचं पंचामृत, उघड्यावर कापून ठेवलेली प्रसादाची फळं यांनाही हेच लागू. प्रसाद नाकारायला ताईचा जीव धजत नव्हता. मग देवळातून तिच्यासाठी अख्खा नारळ नाहीतर सालासकट केळं यायला लागलं. पुजाऱ्यांना एकदा समजावून सांगितलं, त्यांनी ते मनावर घेतलं. प्रसाद मिळाला, धोका टळला. एवढं सोपं असतं ते, पण कुणीतरी जाऊन बोलावं लागतं. आणि बोलायला जाणारं माणूस बहुतेक वेळा भावंड असतं.

आता शास्त्राकडे येते. व्रतांच्या निबंधग्रंथांत, म्हणजे धर्मशास्त्राची जुनी वचनं एकत्र करून लिहिलेल्या ग्रंथांत, एक श्लोक पुन्हा पुन्हा येतो:

अष्टैतान्यव्रतघ्नानि आपो मूलं फलं पयः ।
हविर्ब्राह्मणकाम्या च गुरोर्वचनमौषधम् ॥

पाणी, कंदमुळं, फळं, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही. आठवं औषध आहे. केमो चालू असताना डाळीची वाटी हे औषधच आहे. ते तोंडाने घ्यायचं आणि चमच्याने घ्यायचं, एवढाच सलाइनहून फरक.

याहून मोलाची मला वाटते ती प्रतिनिधीची तरतूद. स्वतः अशक्त असलेल्याने व्रत दुसऱ्याकडून करवून घ्यावं, असं हे ग्रंथ सांगतात. पैठणच्या भट्ट घराण्यातल्या कमलाकरभट्टांनी १६१२ साली काशीत बसून ‘निर्णयसिंधू’ लिहिला, त्यात जुनी वचनं देऊन ही यादी सांगितली आहे: बायकोचं व्रत नवऱ्याने, नवऱ्याचं बायकोने, किंवा मुलाने, बहिणीने, भावाने करावं. यातलं कुणीच नसेल तरच पुरोहिताला सांगावं. भाऊ आणि बहीण त्या यादीत स्पष्ट नाव घेऊन आहेत. काही इच्छा धरून केलेल्या काम्य व्रताला सुरुवातीला प्रतिनिधी चालत नाही, पण नेमाने करायच्या नित्य व्रताला चालतो, आणि एकादशी हे नित्य व्रत. पुढे १७९० च्या सुमारास ‘धर्मसिंधू’ लिहिणारे काशीनाथशास्त्री उपाध्ये तर पंढरपूरचेच, विठ्ठलाचे भक्त. ज्या गावाच्या नावाने आपण एकादशी धरतो त्याच गावात बसून लिहिलेल्या ग्रंथाच्या परंपरेत रोग्याला ही मोकळीक आहे. जगन्नाथपुरीत तर एकादशीलाही भाताचा महाप्रसाद घेतात, तोही विष्णूच्याच दारी.

हरतालिकेचं घ्या. पार्वतीच्या तपाची आठवण म्हणून आपल्या बायका त्या दिवशी पाणीसुद्धा घेत नाहीत. पार्वतीने झाडाचं पानही सोडलं म्हणून ती अपर्णा. पण कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’त तिच्यापुढे बटूच्या वेषात आलेला शिव तिला काय विचारतो? ‘अपि स्वशक्त्या तपसि प्रवर्तसे शरीरमाद्यं खलु धर्मसाधनम्’. आपल्या शक्तीच्या बेताने तप करतेस ना, कारण धर्माचं पहिलं साधन शरीर. ज्याच्यासाठी व्रत चाललंय तोच ही चौकशी करतो. हे वचन शाळेच्या भिंतीवर व्यायामासाठी लिहितात. ते सांगितलं गेलं ते मात्र उपवास करून वाळलेल्या मुलीला.

हा नियम आपल्यापुरताच नाही. कुराणात रोजाचा आदेश येतो तिथेच आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवड दिलेली आहे, राहिलेले रोजे नंतर पुरे करावेत, आणि ज्याला ते झेपणारच नाहीत त्याने गरिबाला जेवू घालावं. गोव्यातल्या कॅथलिक घरांत ईस्टरआधीच्या लेंटमध्ये उपवास पाळतात, त्या पंथातही आजाऱ्याला तो बंधनकारक नाही. रोग्याला उपाशी ठेवा असं कुणाच्याच धर्माने सांगितलेलं नाही. सांगतो तो आपल्या मनातला धाक.

आमच्या घरी ताईच्या एकादश्या दादाने उचलल्या. दादा आमच्यात मधला, त्याला शुगर-बीपी काही नाही, म्हणून त्याच्याकडे गेल्या. आईला मधुमेह आहे, ती मागत होती तरी तिला दिल्या नाहीत. हे मुद्दाम सांगते, कारण लेकीसाठी म्हणून मधुमेही आया निर्जळी करतात आणि घरात एकाचे दोन रोगी होतात. हरतालिका मी केली. ताई आधी ऐकायला तयार नव्हती. “तुमच्या पोटाला काय करायचंय माझं पुण्य?” म्हणाली. गावात सप्ताहाला येणाऱ्या एका महाराजांकडे तिला घेऊन गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ताई, भजन तुमचं, भूक भावाची. देवाला दोन्ही पोचतं.” त्यानंतर तिने एकादशीला मुगाची खिचडी खाल्ली. डॉक्टरांनी, मी, तिच्या मुलाने महिनाभर सांगून जे झालं नव्हतं ते त्या एका वाक्याने झालं. याचा राग मला आला नाही. ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याने योग्य शब्द वापरला, याहून चांगलं काय?

अंड्याचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यात मी ताईच्या बाजूची आहे. तिला तपासणाऱ्यांनी अंडी सांगितली होती. एका अंड्यात सहा-सात ग्रॅम प्रथिनं, स्वस्त, पचायला हलकं, सल्ला चांगलाच होता. पण गळ्यातली माळ तिची स्वतःची आहे, कुणी लादलेली नाही. ऑपरेशनच्या आधी माळ काढायला सांगितली तेव्हा तिने ती माझ्या हाताला बांधली, बाहेर ठेवू दिली नाही. अशा बाईला अंडं खायला लावलं असतं तर ते तिच्या अंगी लागलं नसतं. तिच्या श्रद्धेच्या आत राहून साठ-सत्तर ग्रॅम गाठता येतात का, हे बघणं आहारतज्ज्ञांचं काम आहे, आणि ते येतात: दोन कप दूध, दोन वाट्या घट्ट वरण, पाऊण वाटी पनीर, घरचं ताजं दही, सोयाबीनच्या वड्या भिजवून बारीक करून पोळीच्या कणकेत, जवसाची नाहीतर दाण्याची चटणी. सोयाबीनची धास्ती स्तनाच्या कॅन्सरमध्ये अनेकांना वाटते, पण जेवणातल्या साध्या प्रमाणात ते चालतं असं आम्हाला आहारतज्ज्ञांनी समजावून सांगितलं. तोंड आलं तेव्हा हेच सगळं पातळ करून, गार करून दिलं. गरम अन्नाचा वास जास्त सुटतो, गार अन्नाचा कमी, हे केमोच्या दिवसांत फार उपयोगाला येतं.

पण याची दुसरी बाजूही वॉर्डात पाहिली. शेजारच्या खाटेवरच्या बाईला अंडं खायचं होतं, आणि घरच्यांना ते स्वयंपाकघरात नको होतं. तिच्या भावाने बाहेरून उकडून आणलेली अंडी ती डब्याच्या झाकणाआड खायची. श्रद्धा जिची तिची असते. रोगी माळकरी असेल तर तिच्या ताटात अंडं घालू नका, आणि तिला हवं असेल तर तुमची माळ तिच्या ताटाच्या आड आणू नका. आपल्या राज्यात अंड्यावरून फार लवकर बाजू पडतात. शाळेच्या पोषण आहारातल्या अंड्यांसाठीचा सरकारी निधी जानेवारी २०२५ मध्ये थांबवला गेला तेव्हाही ज्यांच्या ताटाचा प्रश्न होता त्या पोरांना कुणी विचारलं नव्हतं. दवाखान्यातही तेच होतं. खाणारं माणूस सोडून सगळे बोलतात.

आता ज्यांना उपवासामागे विज्ञान दिसतं त्यांच्याबद्दल. दर एकादशीला फिरणारा एक मेसेज सांगतो की उपवासाने कॅन्सर बरा होतो हे सिद्ध करून जपानी शास्त्रज्ञाला नोबेल मिळालं. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं ते पेशी आपलेच जुने भाग मोडून पुन्हा कशा वापरतात हे उलगडल्याबद्दल. त्यांचं मूळ काम यीस्टच्या पेशींवरचं. त्यात एकादशी नाही आणि कॅन्सरचा इलाजही नाही. केमोच्या आसपास ठरावीक दिवस अगदी कमी खाण्याचे प्रयोग माणसांवर झाले आहेत, हेही खरं. नेदरलँड्समध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या १३१ रुग्णांवर झालेल्या अशा एका प्रयोगाचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. पण त्यात वजन फार कमी असलेल्यांना घेतलंच नव्हतं, खाणं मोजून दिलं होतं, देखरेख डॉक्टरांची होती, आणि तरीही बऱ्याच बायकांना ते शेवटपर्यंत झेपलं नाही. त्या प्रयोगाच्या नावावर आपल्या अशक्त बहिणीला सलग उपाशी ठेवणं कुठल्याही विज्ञानात बसत नाही.

साखरेचंही असंच. कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज भराभर वापरतात हे ओटो वारबुर्ग यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवलं, ते बरोबर आहे. पण ग्लुकोज मेंदूला, हृदयाला, सगळ्यांनाच लागतं, आणि बाहेरून साखर बंद केली तरी शरीर ते भाकरीतून, डाळीतून, शेवटी स्वतःच्या स्नायूंतून तयार करतं. गाठ उपाशी मरत नाही, माणूस वाळतो. गोडाधोडाचा मारा करावा असं मी म्हणत नाही. स्तनाच्या कॅन्सरमध्ये स्टिरॉइडमुळे काहींचं वजन उलट वाढतं, आणि भेटायला येणारा प्रत्येक जण लाडवांचा डबा घेऊन येतो तोही ताप आहेच. पण चहातला चमचाभर गूळ काढून घेतल्याने कुणाचा कॅन्सर बरा होत नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये नवज्योतसिंग सिद्धू यांनी त्यांच्या पत्नी चौथ्या टप्प्याच्या स्तनाच्या कॅन्सरमधून आहाराच्या जोरावर बाहेर आल्याचं जाहीरपणे सांगितलं: लिंबूपाणी, कच्ची हळद, कडुनिंब, साखर-दूध बंद, दोन जेवणांत मोठं अंतर. त्यावर टाटा मेमोरियलच्या आजी-माजी २६२ कॅन्सरतज्ज्ञांनी सह्या करून निवेदन काढलं, की या गोष्टींनी कॅन्सर बरा होतो याला भक्कम पुरावा नाही आणि लोकांनी यासाठी उपचार लांबवू नयेत. सिद्धूंच्या पत्नीची शस्त्रक्रियाही झाली होती आणि केमोही. सिद्धूंनी नंतर, आहार डॉक्टरांच्या सल्ल्याने, उपचारांसोबतच होता असा खुलासा केला. पण खुलासा किती जणांपर्यंत पोचला? आमच्याकडे पहिला व्हिडिओ किती तरी नातेवाइकांनी पाठवला, खुलासा कुणीच नाही. कॅन्सर बरा करण्याच्या जाहिरातींवर आपल्या देशात १९५४ पासून कायद्याने बंदी आहे. आपुलकीने पाठवलेल्या व्हिडिओला तो कायदा पोचत नाही, तिथे घरातल्याच कुणीतरी उभं राहायला हवं.

डॉक्टरांनाही दोन शब्द सांगायचे आहेत. आमच्या वाट्याला एक डॉक्टर असे आले की ताईने एकादशीचा विषय काढताच म्हणाले, “ते देव-बिव आता ठेवा बाजूला.” काम हुशारीने करणारा माणूस. पण त्या दिवसानंतर ताईने त्यांना खाण्याबद्दल काहीही खरं सांगितलं नाही. उपवासही सांगितला नाही आणि शेजारणीने आणून दिलेला गुळवेलीचा काढाही नाही. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, तो वाद असू दे. पण ज्याला केमो द्यायची आहे त्याच्या पोटात आणखी काय जातंय हे डॉक्टरला कळलंच पाहिजे, यावर तर वाद नको? रुग्णाची श्रद्धा झटकून टाकली की ती जात नाही, डॉक्टरपासून लपते. ‘तुमच्या एकादश्या कोण धरणार आहे?’ असं विचारणारा डॉक्टर मिळाला तर रुग्ण काढ्याचंही सांगेल.

आणि सगळ्यात निर्दय गोष्ट मी बोलून टाकते. आजार उलटला की लोक म्हणतात, उपवास मोडले ना, म्हणून. हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं आहे, वॉर्डाच्या दारात, रुग्णाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. कॅन्सर परत येतो तो पेशींच्या स्वभावामुळे, कधी औषधाला न दबल्यामुळे. बारशीला वरणभात खाल्ला काय नि एकादशीला खाल्ला काय, त्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. ज्या बाईने केस, स्तन, झोप एवढं सगळं दिलंय तिच्या डोक्यावर हे पापही ठेवायचं? असं कुणी बोललं तर भावंडांनी तिथल्या तिथे थांबवावं. मोठ्यांचा मान राखूनही थांबवता येतं.

भावंडांची जागा तशी विचित्र असते. नवरा सही करतो, मुलं फाइल सांभाळतात, सासूबाईंचं स्वयंपाकघर असतं. बहीण-भाऊ पाहुणे. ताईच्या सासरच्या ओट्याशी मी उभी राहिले तेव्हा कोणत्या डब्यात काय हे मला विचारावं लागत होतं, आणि हिने काय खावं हे मी ठरवणं कुणाला आवडणार? पण व्रत उचलायला कुणाची परवानगी लागत नाही. मी तुमची रीत मोडत नाही, मी ती पाळते, तिच्याऐवजी, असं म्हटल्यावर सासूबाईंचा विरोधच उरला नाही. उलट पुढच्या एकादशीला त्यांनीच ताईसाठी मूग शिजवले. एक मात्र जपावं. तिच्यासाठी काय सोडलं ते तिला ऐकवू नये. आमच्या एका मावशीने ‘तू बरी होईपर्यंत मी भात सोडलाय’ असं फोनवर सांगितलं, तेव्हापासून ताई भात खाताना कानकोंडी व्हायची. नवस बोलावा, पण तो देवाशी बोलावा.

श्रद्धेने आजारी माणसाला काय देता येतं हे बघायचं तर दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जावं. परळच्या टाटा रुग्णालयात गावोगावहून येणारे कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांची माणसं तिथे राहतात. भुकेल्याला अन्न आणि बेघराला आसरा, हा त्या माणसाचा धर्म होता. १९५६ साली बाबा गेले, पण त्यांच्या नावाने आजही रोग्याच्या पुढ्यात ताट येतं. तिकडे टाटाच्या शेजारी जेरबाई वाडिया रोडच्या फुटपाथवर पथारी टाकून राहिलेल्यांना जेवण वाटणारेही बहुतेक कुणाच्या ना कुणाच्या देवाचं नाव घेऊनच येतात. ही श्रद्धा आपल्या ओळखीची आहे.

म्हणून मागणी दोघांकडे आहे. दवाखान्यांनी पहिल्याच फॉर्मवर उपवासांचा रकाना घालावा, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जिथे केमो दिली जाते तिथे आहारतज्ज्ञ बसावा, जो माळकऱ्याला माळकऱ्याचा आणि खाटकाच्या घरातल्याला त्याच्या घरचा आहार सांगू शकेल. वारीच्या वाटेवर आरोग्य खातं आता मोठी शिबिरं भरवतं, रक्तदाब बघतं, पायाला मलम लावतं. तिथेच हाही विषय काढता येईल, कारण त्या गर्दीत उपचार अर्धवट टाकून चालणारेही असतात. आणि कीर्तनकार, प्रवचनकार, देवस्थानचे विश्वस्त यांना हात जोडून विनंती आहे. चातुर्मासात गावोगावी तुमच्यापुढे माणसं बसतात, त्यात कुठल्या ना कुठल्या घरात केमो चालू असतेच. एकदा व्यासपीठावरून सांगा की जिच्यावर उपचार चालू आहेत त्या माउलीने आज पोटभर जेवायचं आहे, तिची एकादशी तिच्या भावाने नाहीतर बहिणीने धरावी, आणि हे शास्त्राला धरून आहे. डाएटचा छापील कागद फ्रीजवर चिकटलेला असतो. स्वयंपाकघर चालवणाऱ्या सासूबाई तो वाचत नाहीत, पण कीर्तनात सांगितलेलं त्या घरी येऊन चारजणींना सांगतात.